‘मायकॉटिक’ म्हणजे बुरशी नव्हे

रिपोर्टवर ‘मायकॉटिक ॲन्युरिझम’ असं वाचलं की घरचे घाबरून विचारतात, “मेंदूत बुरशी झाली का?” 2021 मध्ये म्युकरमायकोसिसचा धसका घेतलेल्या महाराष्ट्रात ही भीती अगदी समजण्यासारखी आहे. पण समज चुकीचा आहे. ॲन्युरिझम म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगा, आणि मेंदूतला ‘मायकॉटिक’ म्हटला जाणारा फुगा बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होतो, बुरशीमुळे क्वचितच.

मग हे नाव आलं कुठून? 1885 साली डॉ. विल्यम ऑस्लर यांनी लंडनमधल्या व्याख्यानांत ते वापरलं. हृदयाच्या झडपांवरच्या जंतुसंसर्गाबद्दल ते बोलत होते, आणि त्या संसर्गाने झालेल्या गाठी त्यांना ताज्या बुरशीच्या वाढीसारख्या दिसल्या. दिसण्यावरून पडलेलं नाव कारणाला चिकटलं. आज अनेक डॉक्टर ‘इन्फेक्शियस (जंतुसंसर्गाने झालेला) ॲन्युरिझम’ म्हणतात. मला तेच योग्य वाटतं.

खरा प्रवास बहुधा हृदयातून सुरू होतो. संधिवाताच्या तापाने किंवा अन्य कारणाने खराब झालेल्या झडपेवर स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकससारखे जिवाणू घर करतात (काही जाती तर आपल्या तोंडातल्याच). तिथून सुटलेला संसर्गित कण मेंदूच्या दूरच्या, बारीक फांदीत अडकतो, भिंत कुजवतो आणि ती फुगते. फुटली तर रक्तस्राव, जीवघेणा.

म्हणून उपचारांचा पाया म्हणजे शिरेतून अनेक आठवडे दिली जाणारी अँटिबायोटिक्स. गरजेनुसार कॅथेटरने फुगा बंद करणं किंवा शस्त्रक्रिया. झडपेचा आजार असलेल्या माणसाला रेंगाळणारा ताप आला, तर अँटिबायोटिक मनाने सुरू करू नका. आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात कोणते जंतू आहेत ते शोधणारी तपासणी, व्हायला हवं. आणि तापासोबत अचानक तीव्र डोकेदुखी किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर थेट इस्पितळ गाठा.