चालढकल

चालढकल : करायचे म्हणून ठरलेले काम, उशिराने आपलेच नुकसान होणार हे कळत असूनही, सबळ कारणावाचून पुढे ढकलत राहण्याची सवय. काम लांबणे आणि काम लांबवणे या दोन गोष्टी इथे वेगळ्या धराव्या लागतात. मराठी विश्वकोशाचे काम सातारा जिल्ह्यातल्या वाईहून चालते; त्याचा पहिला संहिताखंड १९७६ साली निघाला आणि विसावा खंड पुरा व्हायला २०१५ उजाडले. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याआधीच, १९९४ मध्ये, निवर्तले होते. याला कोणी चालढकल म्हणत नाही. कोशकार तर नाहीच नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये न लावता सुरू हंगामापर्यंत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, थांबणारा कराड-वाळव्याकडचा शेतकरीही पाण्याचा आणि रानाचा हिशेब करून थांबलेला असतो. चालढकलीत हिशेब उलटा असतो. थांबण्यात तोटा आहे हे आधीच कळलेले असते आणि तरीही ‘बघू की निवांत’ असे म्हटले जाते.

प्राचीन उल्लेख : संस्कृत ग्रंथांत या दोषाला दीर्घसूत्रता म्हटले आहे. महाभारताच्या उद्योगपर्वातील विदुरनीतीत उत्कर्ष इच्छिणाऱ्याने टाकायचे सहा दोष येतात : निद्रा, तंद्रा, भय, क्रोध, आलस्य आणि दीर्घसूत्रता. भगवद्‌गीतेत (१८.२८) तामस कर्त्याची लक्षणे सांगताना ‘अलस’ आणि ‘दीर्घसूत्री’ ही विशेषणे स्वतंत्रपणे आली आहेत, आणि दीर्घसूत्रीच्या लगत ‘विषादी’ आहे. आळशी आणि चालढकल करणारा हे एक नव्हेत, ही जाण त्यामुळे बरीच जुनी ठरते. चालढकल करणारा पुष्कळदा दिवसभर कामात बुडालेला असतो. फक्त त्या एका कामाला हात लावत नाही. शांतिपर्वात उद्याचे काम आज आणि दुपारचे काम सकाळीच करावे, कारण कोणाचे काय झाले नि काय राहिले याची मृत्यू वाट पाहत नाही, असा श्लोक आहे (‘श्वःकार्यमद्य कुर्वीत पूर्वाह्णे चापराह्णिकम्’).

शांतिपर्वातच तीन माशांची कथा आहे. कोळी तळ्याचे पाणी चोहोबाजूंनी काढून देऊ लागतात तेव्हा अनागतविधाता वेळीच निघून जातो, प्रत्युत्पन्नमती ऐन वेळी युक्तीने सुटतो आणि दीर्घसूत्र मरतो. पंचतंत्रात हीच कथा येते, पण तिथे तिसऱ्या माशाचे नाव यद्भविष्य आहे. कथांची तुलना करताना हा फरक नावापुरता समजून सोडून देण्याची रीत आहे. ती बरोबर वाटत नाही. यद्भविष्याला जे व्हायचे ते होईल असे खरोखरच वाटते, म्हणजे तो दैववादी आहे. महाभारतातला दीर्घसूत्र मात्र सोबत्याचा इशारा ऐकून आधी ‘बरोबर बोलतोस’ अशी कबुली देतो आणि मग घाई करू नये असे आपले ठाम मत सांगतो. पटलेले असूनही न हलणे हे चालढकलीचे नेमके लक्षण महाभारताच्या पाठात टिकले आहे, पंचतंत्राच्या पाठात ते हरवले. दोन पाठांपैकी आधीचा कोणता हा प्रश्न पंचतंत्राच्या काळाशी निगडित असून तो काळ साधारणपणे इ.स.पू. २०० ते इ.स. ३०० असा सैल धरला जातो. नेमकेपणाने इथे काही सांगता येत नाही.

दासबोधातील दिनक्रम : सातारा परिसरात या विषयाची चर्चा समर्थ रामदासांवर (१६०८–८१) आल्याशिवाय राहत नाही. दासबोधाच्या अकराव्या दशकातील (दशक म्हणजे ग्रंथाचा भाग, समास म्हणजे त्यातले प्रकरण) तिसऱ्या समासात दिवस कसा लावावा ते सांगितले आहे. पहाटे उठून पाठांतर, मग स्नानसंध्या, थोडा फलाहार, त्यानंतर संसारधंदा, भोजनोत्तर वाचन-चर्चा आणि एकांतात ग्रंथांचे विवरण असा तो क्रम आहे. त्याच समासात ‘ऐक सदेवपणाचें लक्षण । रिकामा जाऊं नेदी येक क्षण’ ही प्रसिद्ध ओवी येते. भिंतीवरच्या सुविचारांत ही ओवी एकटीच लावली जाते आणि तिचा अर्थ ‘सतत राबा’ असा होऊन बसतो. समासात पाहिली तर ती ठरलेल्या क्रमाच्या पाठोपाठ येते : आधी प्रत्येक कामाला दिवसात जागा दिली आहे, मग क्षण वाया न घालवण्याचे सांगितले आहे. वाचन-विवरण उरल्यासुरल्या वेळावर सोडलेले नाही, हे इथे महत्त्वाचे.

हा समास केव्हाचा, याबद्दल मतभेद आहेत. सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा उल्लेख असून त्यावरून शके १५८१, म्हणजे इ.स. १६५९, हे साल निघते. पूर्वी हेच साल सबंध ग्रंथाला लावले जाई. पण एकवीस समासांचा ‘जुना दासबोध’ स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. वीस दशके आणि दोनशे समास ही आजची मांडणी टप्प्याटप्प्याने झाली असावी, असे आता बहुतेक अभ्यासक धरतात. तसे असेल तर एका दशकातले साल दुसऱ्या दशकाला लावता येत नाही. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी प्रकाशात आणलेली, समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची मानली जाणारी डोमगावची प्रत पाठासाठी महत्त्वाची आहे. समासांच्या रचनाक्रमाचा प्रश्न मात्र तिच्यावरून सुटत नाही. रचनास्थान म्हणून शिवथरघळीचे नाव संप्रदायात रूढ आहे. आजची घळ तीच, ही निश्चिती मात्र विसाव्या शतकातली आहे. सज्जनगडावर समर्थांचा कायम मुक्काम १६७६ पासून होता. त्यामुळे अकराव्या दशकातला दिनक्रम हा गडावरच्या मठाचा दिनक्रम, असे बेधडक जोडणे टाळावे. चाफळच्या मठाशी (राममंदिर १६४८) तो जोडण्यात कालाची अडचण कमी आहे, इतकेच म्हणता येईल.

कारणमीमांसा : आधुनिक मानसशास्त्रात चालढकलीचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने गेल्या चार-पाच दशकांतला आहे. त्यात दोन मुख्य पक्ष दिसतात. पहिला पक्ष हिशेबाचा. दूरचा लाभ माणसाला त्याच्या खऱ्या मोलापेक्षा लहान दिसतो आणि जवळचा मोठा, त्यामुळे ऐन वेळी पसंती उलटते, हे जॉर्ज एन्स्ली यांनी १९७० च्या दशकात कबुतरांवरील प्रयोगांतून मांडले. कॅल्गरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००६ मध्ये कॉर्नेलिउस क्योनिग यांच्यासह त्याला सूत्राचे रूप दिले : यशाची खात्री आणि कामाचे मोल यांचा गुणाकार वर, उतावळेपणा आणि मुदतीचे अंतर यांचा गुणाकार खाली. मुदत जवळ येते तसा छेद लहान होतो आणि कामाची ओढ एकदम वाढते. परीक्षेच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत जागणारा मुलगा या सूत्राने नीट समजतो. स्टील यांनी २००७ मध्ये आधीच्या संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. मुदत जवळ आल्याच्या थरारासाठी मुद्दाम थांबणारे लोक हा स्वतंत्र प्रकार असल्याचे मत पूर्वी प्रचलित होते. स्टील यांच्या २०१० च्या विश्लेषणात त्याला आधार मिळाला नाही. ‘मला ऐन वेळीच सुचतं’ असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले बरे.

दुसरा पक्ष भावनेचा. फ्युशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडले की माणूस काम टाळतो तेव्हा खरे तर त्या कामाबरोबर येणारी भीती, कंटाळा किंवा कमीपणा टाळत असतो. काम बाजूला ठेवताच मन हलके होते, आणि त्या हलकेपणाचीच सवय लागते. टाइस आणि बाउमाइस्टर यांच्या १९९७ च्या अभ्यासात सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे विद्यार्थी इतरांहून निवांत आढळले; सत्र संपता संपता त्यांचा ताण आणि दुखणी इतरांहून अधिक झाली आणि गुणही कमी पडले. २०१० मध्ये वोल, पिचिल आणि बेनेट यांना असे आढळले की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ करणारे विद्यार्थी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल करतात. केवळ हिशेबाच्या पक्षाला हा शेवटचा निष्कर्ष सहज पचत नाही. दोन्ही पक्ष परस्परविरोधी नसले, तरी काही कामांची मुदत जवळ येऊनही माणूस का हलत नाही, याचे उत्तर दुसऱ्या पक्षाकडे अधिक समाधानकारक आहे.

सांगली-साताऱ्याच्या व्यवहारातून हाच भेद दाखवता येतो. तासगाव भागातल्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून एक-दोन दिवसांत काडीला पेस्ट लावावी लागते. उशीर झाला तर फूट मागेपुढे होते आणि पुढची विरळणी, डीप (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे), तोडणी असे सगळे वेळापत्रक विस्कटते. हे काम कोणी उद्यावर टाकत नाही. बायाबापड्यांची टोळी आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली असते. त्याच घरात वडील वारले की सातबाऱ्यावर वारस नोंद लावायचे काम मात्र वर्षानुवर्षे भिजत पडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. म्हणजे मुदत आहे, नियम आहे, फायदाही आहे. पण वारस नोंदीला हात घालायचा तर भावाबहिणींनी एकत्र बसून नावे काढायची, बहिणीच्या हिश्श्याचा विषय निघायचा, कदाचित बोलाचालीही व्हायची. फेरफाराचा अर्ज एका पानाचा असतो. टाळली जाते ती बैठक. नातवाला पीककर्ज काढायची वेळ येते तेव्हा आजोबांचे नाव अजून उताऱ्यावर असते. ही गुंतागुंत इतकी सार्वत्रिक होती की राज्य शासनाला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम घ्यावी लागली.

सामूहिक उपाय – वडगावचा भोंगा : सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवण्याची प्रथा सुरू केली. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, ८.३० ला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यासाला आणि मोठ्यांनी वाचनाला, बोलण्याबसण्याला वेळ द्यायचा. करोनाकाळातल्या ऑनलाइन वर्गांमुळे मुलांच्या हाती फोन आले आणि शाळा पुन्हा भरू लागल्यावरही ते सुटेनात, हे तात्कालिक कारण. आदल्या दिवशी, १४ ऑगस्टला, महिलांच्या ग्रामसभेत निर्णय झाला. त्यानंतर आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. मालिकांची ऐन वेळ सोडायची तयारी खुद्द बायकांच्या सभेने दाखवली, हे विशेष. सुरुवातीला काहींनी थट्टाही केली. उपक्रमाच्या परिणामाबद्दलची माहिती मुख्यतः गावकरी आणि शिक्षक यांच्या सांगण्यातून आलेली आहे, हे ध्यानात ठेवावे.

भोंग्यावर दिवस बेतणे या भागाला नवे नाही. शेजारच्या पलूस तालुक्यात कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पुढे साखर कारखाने आले आणि पाळीचा भोंगा ऐकून जेवणाची वेळ ठरवणारी गावे झाली. वडगावच्या प्रथेचे मूळ कारखान्याच्या भोंग्यात शोधण्याचा मोह होतो. पण कारखान्याचा भोंगा मालकाच्या वेळेचा होता आणि वडगावचा ग्रामसभेने स्वतःवर लावून घेतलेला आहे. हेतू पाहता रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतील ठरलेल्या तासांशी त्याचे नाते अधिक जवळचे वाटते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे ही संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्याला हलवले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत काम आणि अभ्यास दोन्ही एकाच दिवसात बसवायचे असल्याने वेळ आखून घेणे भागच होते.

भोंग्याची पद्धत कशामुळे चालते, याचा खुलासा संशोधनात सापडतो. पेटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवले की ‘अभ्यास करीन’ या निश्चयापेक्षा ‘अमुक झाले की अमुक ठिकाणी बसेन’ असा बांधलेला निश्चय अधिक वेळा पार पडतो. २००६ मध्ये ९४ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात हा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. भोंगा हा असाच खुणेचा आवाज, फक्त सगळ्या गावाचा. एरिएली आणि वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये असेही दाखवले की स्वतःच घालून घेतलेल्या मुदतींचा उपयोग होतो, परंतु बाहेरून समान अंतराने घातलेल्या मुदतींइतका होत नाही.

वैयक्तिक उपाय : काम लहान तुकड्यांत करणे, सुरुवातीची पाच मिनिटे तेवढी ठरवणे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे हे सर्वपरिचित आहेत. पंचवीस मिनिटे काम आणि थोडी विश्रांती ही पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाअखेर बसवली. तातडीचे आणि महत्त्वाचे अशी चार घरांची चौकट अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावावर चालते. १९५४ च्या भाषणात त्यांनी दोहोंतला भेद सांगितला तो एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचे वचन म्हणून, आणि चौकट त्या भाषणात नव्हती.

वैद्यकीय बाजू : चालढकल हा स्वतंत्र आजार म्हणून मानसविकारांच्या प्रचलित वर्गीकरणांत नोंदलेला नाही. नैराश्य, चिंताविकार आणि अवधानदोष (एडीएचडी) यांत ती वारंवार दिसते. झोप, भूक आणि आवडीची कामेही सुटत चालली असतील, तर वेळापत्रक बदलण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली जाते आणि मूळ विकारावर उपचार होतात.