विणकर मुंग्यांद्वारे कीडनियंत्रण

फळबागेतील किडींच्या बंदोबस्तासाठी विणकर मुंग्यांच्या वसाहती झाडांवर मुद्दाम बसवण्याची व जोपासण्याची पद्धती. मित्रकीटकांच्या वापराचे लिखित पुरावा असलेले हे सर्वांत जुने उदाहरण मानतात. या मुंग्या इकोफायला प्रजातीतील आहेत. आशिया व ऑस्ट्रेलियात आढळणाऱ्या जातीचे (इ. स्मॅराग्डिना) वर्णन फाब्रिसियस यांनी १७७५ मध्ये केले, आफ्रिकेतील जाती इ. लाँगिनोडा ही होय. कोकणात त्यांना हुमले, ओंबील अशी नावे आहेत. आंबा-काजूच्या बागेत वावरलेल्या माणसाला त्यांची वेगळी ओळख नको.

पद्धतीचा उगम दक्षिण चीन व त्याला लागून असलेल्या उत्तर व्हिएतनामच्या परिसरात झाला, याबद्दल फारसा मतभेद नाही; वाद आहे तो काळाचा. जी हान याच्या नावावर असलेल्या नानफांग त्साओमू च्वांग या वनस्पतिविषयक चिनी ग्रंथाचा परंपरागत काळ इ. स. ३०४ आहे. त्यात असे वर्णन येते : ज्याओझीचे (आजच्या उत्तर व्हिएतनामच्या भागातील) लोक लव्हाळ्याच्या पिशव्यांतून मुंग्या बाजारात विकतात, घरटी तलम रेशमासारखी असून पानाफांद्यांसकट विकली जातात, मुंग्या तांबूस-पिवळ्या व नेहमीच्या मुंग्यांपेक्षा मोठ्या असतात, त्या नसतील, तर लिंबूवर्गीय झाडाचे एकही फळ धड राहत नाही. हे वर्णन प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे वाटते. मात्र अभ्यासक मा ताय-लोय यांनी १९७८ मध्ये हा ग्रंथ जुन्या उताऱ्यांच्या आधारे सुंग काळात (९६०–१२७९) रचला गेला असावा, असे प्रतिपादन केले. ली हुई-लिन यांनी १९७९ मधील त्याच्या इंग्रजी भाषांतरात परंपरागत काळच धरला. मुंग्यांविषयी जवळजवळ याच शब्दांतला मजकूर ल्यू शून याच्या लिंगप्याओ लूयी या तांग काळाच्या अखेरच्या (सु. ९०० च्या आसपासच्या) ग्रंथात सापडतो. तेव्हा कोणी कोणाचे घेतले, हाच कळीचा प्रश्न ठरतो. ३०४ हे साल अनेक ठिकाणी निःशंकपणे छापले जाते; परंतु पद्धती निदान तांग काळाच्या अखेरीस तरी रूढ होती, एवढेच धरणे अधिक सुरक्षित होय. त्याआधीही बाजारात मुंग्या विकल्या जात असणे अशक्य नाही.

पुढील काळाबद्दल संदिग्धता कमी आहे. बाराव्या शतकातील एका चिनी टिपणानुसार, डुकराच्या किंवा मेंढीच्या मूत्राशयात चरबी भरून ते उघड्या तोंडाने घरट्याजवळ ठेवत आणि मुंग्या आत शिरल्या की उचलून नेत. मुंग्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी बांबूचे पूल बांधण्याची ग्वांगडुंगमधील रीत सु. १७०० च्या सुमारास नोंदली गेली. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचे लक्ष इकडे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वेधले. ग्रॉफ व हॉवर्ड यांचा या पद्धतीवरील लेख १९२४ चा आहे.

घरटे बांधताना कामकरी मुंग्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात व पानांच्या कडा जवळ ओढतात. दुसऱ्या मुंग्या जबड्यात अळ्या धरून त्या धोट्यासारख्या फिरवतात. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पाने शिवली जातात. म्हणजे विणकर हे नाव खरे तर अळ्यांना शोभावे. एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर विखुरलेली असतात. या मुंग्यांना नांगी नसते. त्या चावतात आणि जखमेवर फॉर्मिक अम्ल फवारतात. किडी पकडून खाणे हे त्यांचे एक काम. दुसरे तितकेच महत्त्वाचे म्हणजे दरारा. मुंग्यांनी मागे ठेवलेल्या खुणांमुळे फळमाश्या त्या फळांवर अंडी घालणे टाळतात, असे पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशातील आंब्यावरील प्रयोगांत दिसले. लिंबूवर्गीय झाडांवरील मोठे दुर्गंधी ढेकूण, झांझिबारमधील नारळावरील ढेकूण, काजूवरील ढेकण्या यांच्याविरुद्धही उपयोग नोंदलेला आहे.

उणिवाही दुर्लक्षण्याजोग्या नाहीत. मुंग्या मावा, खवले कीड व पिठ्या ढेकूण यांचा गोड स्राव खातात आणि त्यासाठी त्यांची राखण करतात. त्यातून पानांवर काजळी वाढते. शेजारच्या वसाहती आपसांत लढतात, म्हणून बागेत एकाच वसाहतीची घरटी बसवून इतर झाडांशी दोरीने जोडणे आणि वेगळ्या वसाहतींच्या फांद्या एकमेकींना टेकू न देणे हिताचे. मोठ्या डोक्याची फेडोल मुंगी शिरली, तर विणकर मुंग्या मागे हटतात. सॉलोमन बेटांवर नारळाची कोवळी फळे गळण्याच्या प्रश्नात हे विशेष अनुभवास आले. सरसकट कीटकनाशक फवारल्यास वसाहत टिकत नाही.

भारतात ही जाती विस्तृत प्रदेशात आढळते. ओडिशातील मयूरभंज येथील या मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बस्तरमध्येही ती खातात. महाराष्ट्र व गोव्यात मात्र काढणीच्या वेळी चावणारा त्रास म्हणूनच या मुंग्यांची ख्याती अधिक, आणि घरटी जाळून टाकण्याकडे कल असतो. काढणीपूर्वी हातापायांना राख चोळणे हा इतर देशांतील बागायतदारांचा साधा उपाय येथेही करून पाहण्यासारखा आहे.