ओवा, सुंठ आणि पाळीची कळ

माझ्या मावशीचा एक ठाम नियम आहे. पाळीत पोट दुखतंय म्हटलं की चिमूटभर ओवा, गुळाचा खडा, पोटाला गरम पाण्याची पिशवी. आणि गोळीचं नाव काढलं की "सवय लागते गं त्याची, पुढे मूल राहायला त्रास होतो". उलट माझी एक मैत्रीण ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अख्खी स्ट्रिप ठेवते आणि ओवा म्हटलं की हसते. दोघी एकदा माझ्याच घरी या विषयावरून जुंपल्या होत्या आणि मी चहा करता करता ऐकत होते, चहात आलं किसून घालत होते, तेव्हा डोक्यात आलं की अरे या भांडणात तिसरी बाजू तर माझ्या हातातच आहे.

आधी दुखतं का ते बघू. पाळी यायच्या आधी प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन झपकन खाली येतं, आणि मग गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लॅंडिन नावाचं रसायन तयार व्हायला लागतं. ते गर्भाशयाच्या स्नायूला आवळायला लावतं, अस्तर बाहेर टाकायचं असतं ना, पण स्नायू जोरात आवळला की तिथल्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं, ऑक्सिजन कमी पडतो आणि कळ येते. ज्यांच्यात हे रसायन जास्त बनतं त्यांना जास्त दुखतं. आणि हे रसायन काही ओटीपोटातच थांबत नाही, आतड्यापर्यंत पोचतं, म्हणून पहिल्या दिवशी कित्येकींना जुलाब होतात, मळमळतं. आपण म्हणतो काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल, बिचाऱ्या पाणीपुरीला दोष.

पेनकिलर नेमकी इथेच काम करते. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लॅंडिन बनणंच अडवतात हे जॉन वेन यांनी 1971 साली दाखवलं आणि 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे पाळीसाठी सर्रास मिळणारी मेफेनॅमिक ॲसिडची गोळीही याच कुळातली. म्हणजे ती नुसती दुखणं "दाबत" नाही, दुखण्याचं कारण कमी करते. अफूसारखी सवय या गोळ्यांची लागत नाही, आणि पाळीच्या दोन-तीन दिवसांत घेतल्याने वंध्यत्व येतं ही मावशीची भीतीही खरी नाही. पण म्हणून ती गोळ्या-बिस्किटासारखी खायची वस्तू नाही हां. अल्सर, दमा, किडनीचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि 2023 च्या शेवटी भारतीय फार्माकोपिया कमिशनने, म्हणजे औषधांची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, मेफेनॅमिक ॲसिडबद्दलच इशारा दिला होता की क्वचित कुणाला पुरळ, ताप असं सुरू होऊन आतल्या अवयवांपर्यंत पोचणारी गंभीर ॲलर्जी होऊ शकते.

आता आलं. आल्यातल्या तिखट जिंजेरॉलसारख्या द्रव्यांनी प्रयोगशाळेत तेच प्रोस्टाग्लॅंडिनचं यंत्र थोडं मंद होतं. माणसांवर बघायचं तर 2009 साली इराणमध्ये 150 विद्यार्थिनींवर एक अभ्यास छापून आला. पन्नासजणींना आल्याच्या पावडरच्या 250 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून चार वेळा, पन्नासजणींना मेफेनॅमिक, उरलेल्यांना आयबुप्रोफेन ही तशीच दुसरी पेनकिलर, पाळीचे पहिले तीन दिवस. तिन्ही गटांत आराम जवळपास सारखाच. वाचून मी पण खूश झाले होते, मग लक्षात आलं की त्यात नुसती रिकामी कॅप्सूल घेणारा गट नव्हताच.

आणि पाळीच्या दुखण्यात तो गट फार महत्त्वाचा असतो. कारण हे दुखणं दर महिन्याला सारखं नसतं, एक महिना लोळवतं, पुढचा नुसता कुरकुरतो. आपण नवा उपाय कधी करतो? ज्या महिन्यात जीव नकोसा झाला त्यानंतर. पुढचा महिना बहुधा तसाही हलकाच जाणार होता, पण श्रेय त्या काढ्याला मिळतं, आणि आपण ते बहिणीला सांगतो, बहीण जावेला. यात कुणी खोटं बोलत नाही बरं का. 2016 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी पाळीच्या दुखण्यावरच्या अशा पूरक पदार्थांचे 27 अभ्यास एकत्र तपासले, आल्यासारख्या काही गोष्टींत थोडी आशा दिसली पण भक्कम म्हणावा असा पुरावा एकाचाही नाही, बहुतेक अभ्यास छोटे.

मग सुंठ घ्यावी का? मी घेते. अभ्यासातला डोस म्हणजे दिवसाला साधारण एक ग्रॅम, घरगुती भाषेत सुंठ पावडर सपाट अर्धा छोटा चमचा, दिवसभरात विभागून. चहात किसलेल्या आल्याच्या तुकड्याने एवढं पोटात जातं की नाही देव जाणे, आणि सुंठवड्याच्या चिमटीने तर नाहीच. ॲसिडिटी असेल तर छातीत जळजळेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला सांगून. ओव्याचं म्हणाल तर त्यातलं थायमॉल गॅसवर आराम देतं हा सगळ्यांचाच अनुभव, आणि त्या दिवसांत पोट फुगलेलं असतंच, त्यामुळे मावशी अगदीच चूक नाही. पण गर्भाशयाच्या कळेवर ओव्याचा पुरावा सुंठीइतकासुद्धा नाही.

मावशीचा खरा हुकमी पत्ता ती गरम पाण्याची पिशवी आहे, आणि तिला ते माहीतच नाही. 2001 साली अमेरिकेत छापलेल्या एका अभ्यासात पोटावर कोमट पट्टी लावलेल्यांना आयबुप्रोफेन घेतलेल्यांइतकाच आराम पडला होता. पट्टीचं तापमान साधारण 39 अंश, म्हणजे चटका नाही, नुसती ऊब, पण दिवसभर. आपण पाच मिनिटं कडक शेक घेतो आणि उठून पोळ्या लाटायला जातो.

घरातल्या डब्यातल्या गोष्टींचं मला एवढं काही वाटत नाही, भीती वाटते ती अशोकारिष्टासारख्या तयार औषधाच्या बाटलीची. अशोकाची साल स्त्रियांच्या तक्रारींसाठी प्रसिद्ध, पण सोसायटीच्या गेटपाशी जो उंच, सरळसोट "अशोक" उभा असतो तो अशोक नाहीच, ते वेगळंच झाड. खरा तो सीता अशोक, केशरी-लाल फुलांचे झुबके येणारा, आणि तो आता जंगलात कमी झालाय, म्हणून बाजारात सालीच्या नावाखाली त्या दुसऱ्या झाडाची साल मिसळली जाते. म्हणजे गुण आहे की नाही हा प्रश्न पुढचा, आत नक्की काय आहे इथूनच सुरुवात. शिवाय अरिष्ट आंबवून बनतं, त्यात अल्कोहोल तयार होतं, लेबलवर लिहिलेलंही असतं, तरी चौदा वर्षांच्या मुलीला ते "टॉनिक" म्हणून देताना कुणी वाचत नाही. 2004 मध्ये छापलेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आणि कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला त्रास झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले, झाडपाल्याला लिव्हर वेगळी वागणूक देत नाही.

अजून एक, हे सगळं साध्या दुखण्यासाठी. दुखणं दर वर्षी वाढत चाललंय, पाळी नसतानाही दुखतंय, संबंधाच्या वेळी किंवा संडासला बसताना कळ येते, दर तासाला पॅड बदलावा लागतोय, तर ना सुंठ ना गोळी, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञ. जगात सुमारे दहातल्या एका बाईला पाळीच्या वयात एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असतो, आणि "सगळ्यांनाच दुखतं गं" या एका वाक्यामुळे तो वर्षानुवर्षं सापडत नाही.

भाचीला मी सध्या एक छोटी वही दिली आहे. दर महिन्याला तारीख, पहिल्या दोन दिवसांचं दुखणं दहापैकी किती, आणि काय घेतलं. पहिले दोन महिने काही वेगळं न करता नुसतं लिहायचं, मग दोन महिने सुंठ, तीही दुखायची वाट न बघता पाळीची चाहूल लागली की लगेच, कारण एकदा बनून गेलेलं प्रोस्टाग्लॅंडिन मागे अडवता येत नाही. चार पानं भरलीत. मावशीने ती वही बघितली आणि विचारलं, "यात ओव्याचा रकाना कुठाय?" आता पुढचे दोन महिने ओवा.