समाधीचे अभंग

ज्ञानेश्वरांनी शके १२१८ मध्ये (इ. स. १२९६) कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत संजीवन समाधी घेतली, त्या प्रसंगावरचे संत नामदेवांच्या नावे असलेले अभंग. नामदेवांच्या अभंगांच्या गाथेत ज्ञानेश्वरचरित्राची ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ अशी तीन प्रकरणे येतात, त्यांतले हे शेवटचे. ‘नामा’ ही मुद्रा, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारी कवीची नावखूण, पुढच्या कवींनीही वापरल्यामुळे यांतले मूळ नामदेवांचे किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वारकऱ्यांच्या ओठी मात्र ते नामदेवांचेच आहेत. मराठीत शोकाला इतकी मोकळी वाट देणारे दुसरे जुने काव्य दाखवणे अवघड.

यात ज्ञानेश्वरांचा एक हात निवृत्तिनाथांनी आणि दुसरा खुद्द विठ्ठलाने धरलेला आहे. दोघे त्यांना समाधिस्थानी नेऊन बसवतात. मग निवृत्तिनाथ बाहेर येऊन दारावर शिळा लावतात. ते थोरले भाऊ आणि गुरूही. देह नाशिवंत आहे हे ज्यांनी शिकवले, तेच इथे कोसळतात. आईबाप सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असे ते म्हणतात.

या आकांतातल्या प्रतिमा शेताशिवारातल्या आहेत. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटून पाणी बारा वाटांनी जाते. हरिणीवाचून पाडसे दाही दिशांना भटकतात. पेंढीचा आळा सुटतो आणि गवत रानोमाळ पांगते. आळा म्हणजे पेंढीला आवळून बांधायचे बंधन, बहुधा त्याच गवताच्या पिळाचे. पेंढी बांधणाऱ्याला ठाऊक असते, की तो सुटला तर एकही काडी मोडत नाही, फक्त पेंढी उरत नाही. कर्ते माणूस गेलेल्या घराचे हेच होते. जमलेल्या लोकांसाठी माजवणाचा दाखला आहे. माजवण म्हणजे मासे गुंगवायला डोहात कालवलेला विषारी पाला; त्या पाण्यातल्या माशांसारखी साऱ्यांची तडफड होते. ‘हे सारे मिथ्या आहे, रडू नका’ असे हे काव्य शोक करणाऱ्याला सांगत नाही. देवालाही त्याने रडू दिले आहे.

पुढे वर्षभरातच सोपानदेवांनी सासवडला व निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली; मुक्ताबाई तापीकाठी लुप्त झाल्या. त्या प्रसंगांचेही अभंग गाथेत आहेत, पण आळंदीच्या अभंगांइतके ते लोकांच्या कानी नाहीत.

दरवर्षी कार्तिकात पंढरपूरहून पांडुरंगाची व नामदेवांची पालखी आळंदीला येते, कारण अभंगांत ते दोघेही त्या दिवशी तिथे होते. त्रयोदशीला समाधिमंदिरात नामदेवांच्या वंशातील नामदास घराण्यातले कीर्तनकार समाधीचे कीर्तन करतात. गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तरी शिळेचा अभंग जवळ येऊ लागला की मंडपात हुंदके ऐकू येतात. यांतल्या कित्येकांच्या घरी अलीकडेच कुणी गेलेले असते. दहाव्या-तेराव्याला पाहुण्यांच्या गर्दीत, सैपाकपाण्याच्या धावपळीत राहून गेलेले रडणे इथे येते, आणि शेजारचा वारकरी काही न विचारता पाठीवर हात ठेवतो. दुपारी बाराच्या सुमारास ‘नामा म्हणे आता लोपला दिनकर । बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ ॥’ हे चरण येतात, घंटा वाजते आणि समाधीवर फुले पडतात.