ढोलीवाचून अडलेला पोपट

आपल्याकडच्या पोपटाला घर शोधायला फार फिरावं लागत नाही. वडाची ढोली, पडक्या वाड्याच्या भिंतीतलं भगदाड, त्याला काहीही चालतं. याच पोपटाचा एक जवळचा भाऊबंद हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर राहतो, इको पॅराकीट. हिरवा रंग थोडा गडद, शेपूट आखूड, पंख गोलसर. नराची वरची चोच लाल, मादीची काळी. हा पोपट ढोलीच्या बाबतीत मात्र फार चोखंदळ, आणि तेच त्याच्या जिवावर बेतलं.

त्याला हवी असते जुन्या, उंच, मूळच्या रानातल्या झाडाची ढोली. यातली काही झाडं आपल्या बकुळीच्या आणि उंडीच्या कुळातली आहेत. अशा झाडाच्या खोडात पोकळी तयार व्हायला कित्येक दशकं जातात. डच, फ्रेंच आणि ब्रिटिश राजवटींत आधी लाकडासाठी, मग उसासाठी रान तोडलं गेलं. (याच उसाच्या मळ्यांवर एकोणिसाव्या शतकात कोकणातूनही करारावर मजूर गेले. त्यांचे वंशज आज तिथले मराठी मॉरिशसकर.) चांगल्या स्थितीतलं मूळ रान आता बेटाच्या २ टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. उरलीसुरली जुनी झाडं चक्रीवादळांत कोसळतात.

उरलेल्या ढोल्यांवर वाटेकरी किती! जहाजांतून आलेले काळे उंदीर आणि बाहेरून आणलेली माकडं अंडी-पिल्लं खातात. आपली साळुंकी आणि आपलाच कंठवाला पोपटही माणसानं तिथे नेले, तेही जागेसाठी भांडतात. त्यात एका माशीच्या अळ्या घरट्यातल्या पिल्लांचं रक्त शोषतात. १९८०च्या दशकात हे पक्षी ८ ते १२ इतकेच उरले होते आणि त्यांत माद्या जेमतेम तीन. शेजारच्या रीयुनियन आणि रॉड्रिग्ज बेटांवरचे पोपट तर आधीच नामशेष झालेले.

कार्ल जोन्स हे वेल्सचे जीवशास्त्रज्ञ १९७९ मध्ये मॉरिशसला आले ते तिथल्या शिकारी केस्ट्रेल पक्ष्यासाठी. पुढे त्यांनी आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या लोकांनी पोपटासाठी जे केलं, ते मला एखाद्या सुईणीच्या कामासारखं वाटतं. घरट्याच्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, म्हणजे माकडाला उडी मारता येऊ नये. खोडाला गुळगुळीत प्लास्टिक गुंडाळलं, म्हणजे उंदराची नखं घसरावीत. पाणी शिरणाऱ्या ढोल्या दुरुस्त केल्या, अळ्यांसाठी औषध टाकलं. मादी दोन ते चार अंडी घालते, पण रानात बहुतेकदा एकच पिल्लू जगतं. म्हणून जादा पिल्लं काढून हातानं भरवली किंवा दुसऱ्या जोडप्याच्या घरट्यात ठेवली. हातावर वाढवलेले पक्षी १९९७ पासून रानात सोडले जाऊ लागले. सगळ्यात उपयोगी ठरल्या त्या लाकडी पेट्या, माणसानं केलेल्या ढोल्या.

२००५ मध्ये चोच आणि पिसांच्या विषाणूची साथ आली. इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या कळपात अशी साथ म्हणजे जिवाला घोर. तरीही पक्षी तगले. २००७ मध्ये ते ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून ‘संकटग्रस्त’ यादीत आले, २०१९ मध्ये आणखी एक पायरी सुधारून ‘असुरक्षित’ गटात. तेव्हा रानात साडेसातशेच्या आसपास पोपट होते. इतक्या टोकावरून परतलेला पोपट मला दुसरा आठवत नाही.

पण यातले कितीतरी पोपट आजही पेट्यांत अंडी घालतात आणि माणसानं ठेवलेलं खाणं खातात. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात काही तुकड्यांना कुंपण घालून हरणं आणि रानडुकरं बाहेर ठेवली आहेत. आत माजलेला चिनी पेरू उपटून काढतात, मूळ झाडांची रोपं लावतात. त्या रोपांच्या खोडात पोपटाजोगी ढोली व्हायला दोन-तीन पिढ्या जातील. तोवर पेट्या दुरुस्त करत राहायच्या आहेत.