स्क्रिप्ट चुकली तरी शेल पुढे का जातो? कोट्स, सेट -ई आणि पाइपफेलच्या मागची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी सर्व्हर बघायचं काम माझ्याकडे होतं. रोज रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्रॅम) डेटाबेसचा बॅकअप निघायचा, स्क्रिप्ट म्हणजे फाइलमध्ये लिहिलेल्या कमांड, जेमतेम चार ओळींची, डेटाबेसचा डंप म्हणजे पूर्ण नक्कल काढायची, ती पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी जोडणी) जीझिप ह्या फाइल छोटी करणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायची, फाइल लिहायची आणि शेवटी लॉगमध्ये 'बॅकअप झाला' अशी ओळ टाकायची. मधे कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमधला तसाच राहिला. तीन आठवड्यांनी एक टेबल परत आणायची वेळ आली तेव्हा बघितलं तर रोजची फाइल आहे, नाव बरोबर, तारीख बरोबर, लॉगमध्ये 'बॅकअप झाला' आहे, आणि फाइलची साइज २० बाइट. रिकामा इनपुट जीझिप केला की बरोब्बर २० बाइटच होतात, १० हेडरचे, २ रिकाम्या डेटाचे आणि ८ शेवटच्या चेकसम आणि लांबीचे. म्हणजे जीझिपने त्याचं काम चोख केलं होतं. डंप फेल झाला होता, आणि शेलला, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, त्याचं काही वाटलं नव्हतं.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसला की शेल असा का आहे. आपल्याला सगळे सांगतात सुरुवातीला सेट -ई लिही (कमांड फेल झाली की थांब), -यू लिही (सेट न केलेलं व्हेरिएबल आलं की थांब), पाइपफेल लाव (पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तर पूर्ण पाइप फेल धर), व्हेरिएबलला डबल कोट्स दे, क्रॉनमध्ये पूर्ण पाथ लिही. आपण कॉपी करून टाकतो. पण मुळात ह्या गोष्टी सांगाव्या का लागतात, आधीपासून चालू का नाहीत? ह्याचं उत्तर मला इतिहास वाचल्यावर मिळालं, आणि ते असं की शेल बनला तो समोर बसलेल्या माणसासाठी, आणि आपण जे नियम पाळतो ते सगळे तो माणूस उठून गेल्यावर त्याच्या जागी ठेवलेले आहेत.

सुरुवात युनिक्सच्याही आधीची आहे. १९६३ च्या सुमारास एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाच्या सिस्टिमवर लुई पूझाँ नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने रनकॉम नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तीच तीच कमांड पुन्हा पुन्हा टाइप करायचा कंटाळा यायचा म्हणून त्या एका फाइलमध्ये लिहायच्या आणि रनकॉमने ओळीने चालवायच्या, एवढंच. आपल्या होम डिरेक्टरीत ज्या फाइलींच्या नावाला शेवटी 'आरसी' असतं ना, ते 'आरसी' ह्या रनकॉमवरूनच आलं. शेल हा शब्दही पूझाँचाच, पुढच्या मल्टिक्स सिस्टिमसाठी त्याने ही कल्पना मांडली. मल्टिक्समधून बेल लॅब्स १९६९ मध्ये बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्पसन, डेनिस रिची वगैरे लोकांनी युनिक्स सुरू केलं, तेव्हा शेल सोबत आला.

थॉम्पसनचा १९७१ चा शेल हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धागा आहे, आणि ह्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. त्या शेलमध्ये स्क्रिप्ट अशी वेगळी काही चीजच नव्हती. फाइल शेलच्या स्टँडर्ड इनपुटला जोडायची, की शेलच्या दृष्टीने कुणीतरी कीबोर्डवर ते टाइप करतंय. 'इफ' ही भाषेतली गोष्ट नव्हती, बाहेरची वेगळी कमांड होती. 'गोटू' तर अजून भारी, तोही वेगळा प्रोग्रॅम, तो काय करायचा तर शेल जी फाइल वाचतोय तिच्यातली वाचायची जागा सरकवून लेबलपाशी नेऊन ठेवायचा, आणि स्वतः संपून जायचा, मग शेल बिचारा पुढची ओळ वाचायला जायचा तर ती लेबलनंतरची असायची. 'एक्झिट' कमांडही तशीच, ती जागा थेट फाइलच्या शेवटाला नेऊन ठेवायची.

आता विचार करा, कीबोर्डवर बसलेल्या माणसाची एक कमांड चुकली तर शेलने काय करावं? एरर दाखवावी आणि पुढच्या कमांडची वाट बघावी. एका टायपिंगच्या चुकीवरून लॉगआउट करून टाकलं तर कोण वापरेल असा शेल? त्यामुळे चुकलं तरी पुढे चल हे तेव्हा शंभर टक्के बरोबर होतं, कारण एरर वाचणारा समोर होता. फाइल आणि कीबोर्ड ह्यात शेलला फरकच नसल्यामुळे हीच सवय स्क्रिप्टलाही लागली आणि ती आजतागायत आहे.

मग १९७३ मध्ये पाइप आले. डग मॅकिलरॉयने १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम एकमेकांना बागेच्या होजपाइपसारखे जोडता यायला हवेत, नऊ वर्षांनी थॉम्पसनने ते करून दाखवलं. पण चार कमांड जोडल्यावर त्या पूर्ण रांगेचा रिझल्ट काय म्हणायचा? शेवटच्या कमांडचा. टर्मिनलवर बसलेल्या माणसाला हेही ठीकच होतं, मधल्या कुणाची एरर आली तर ती स्क्रीनवर दिसायचीच. माझी २० बाइटची फाइल तिथून आली, शेवटची कमांड जीझिप होती आणि ती पास झाली होती.

जानेवारी १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्नचा शेल आला आणि शेल खऱ्या अर्थाने प्रोग्रॅमिंगची भाषा झाला. बोर्न केंब्रिजमध्ये अल्गॉल ६८ ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर काम करून आलेला, म्हणून 'इफ' चा शेवट 'फाय', 'केस' चा शेवट 'इसॅक', उलटी अक्षरं. त्या हिशोबाने 'डू' चा शेवट 'ओडी' व्हायला हवा होता, पण ओडी नावाची ऑक्टल डंपची कमांड आधीच होती म्हणून 'डन' झालं. अल्गॉलचं प्रेम इतकं की शेलचा सी मधला सोर्स कोडसुद्धा त्याने मॅक्रो लावून अल्गॉलसारखा लिहिला, आणि तो वाचून चक्रावलेल्या लोकांनी १९८४ मध्ये मुद्दाम दुर्बोध सी लिहायची स्पर्धाच सुरू केली, ती अजून चालू आहे.

महत्त्वाचं म्हणजे सेट -ई, सेट -यू आणि ट्रॅप (स्क्रिप्ट संपताना किंवा मधेच तुटताना ठरवलेली कमांड चालवणारा) हे तिन्ही ह्याच शेलमध्ये, १९७९ पासून आहेत. बऱ्याच जणांना हे बॅशचे नवे लाड वाटतात, तसं नाहीये. स्क्रिप्टच्या वेळी माणूस समोर नसतो हे तेव्हाच कळलेलं होतं, फक्त, बहुतेक जुनी वागणूक मोडू नये म्हणून, हे बंद ठेवून दिलं, ज्याला हवं त्याने चालू करावं.

कोट्सची भानगड पण इथलीच. बोर्नच्या शेलला ॲरे, म्हणजे यादी ठेवायचा वेगळा प्रकार, नव्हते. चार फाइलींची यादी ठेवायची तर एकाच व्हेरिएबलमध्ये स्पेस देऊन चार नावं लिहायची, आणि वापरताना शेलने ती स्पेसवर तोडून चार वेगळी करायची. म्हणजे कोट्सशिवाय व्हेरिएबल फुटणं हा बग नव्हता, यादी ठेवायचा तो नेहमीचा मार्ग होता. फाइलच्या नावात स्पेस चालायची तेव्हाही, युनिक्सला नावात फक्त स्लॅश आणि शून्य किमतीचा बाइट चालत नाही, पण बेल लॅब्समधले लोक छोटी छोटी नावं ठेवायचे, कुणाला त्रास झाला नाही. त्रास झाला तो मॅकच्या लोकांना. त्यांना डिस्कची नावं मोठी, स्पेस देऊन ठेवायची सवय. नोव्हेंबर २००१ मध्ये आयट्यून्स २.० चा इन्स्टॉलर आला, आत शेल स्क्रिप्ट, जुनं व्हर्जन डिलीट करणारी, व्हेरिएबलला कोट्स नाहीत. डिस्कच्या नावात स्पेस असेल तर नाव मधेच तुटायचं आणि पहिल्या तुकड्याच्या नावाची दुसरी डिस्क असली तर तीच पुसली जायची. लोकांचा डेटा गेला, ॲपलला घाईघाईत २.०.१ काढावं लागलं. दोन कोट्स. एवढाच फरक होता.

२०११ मध्ये बंबलबी नावाच्या लिनक्सवरच्या ग्राफिक्स प्रोजेक्टच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये उलटं झालं, तिथे '/यूएसआर' नंतर एक जास्तीची स्पेस पडली आणि आरएम -आरएफ ला (न विचारता सगळं डिलीट करणारी कमांड) एका पाथऐवजी दोन पाथ मिळाले, त्यातला पहिला म्हणजे अख्खी '/यूएसआर' डिरेक्टरी.

पण मला सगळ्यात शिकवून गेलेली केस म्हणजे जानेवारी २०१५ मधली स्टीम ह्या गेम्सच्या ॲपची. लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती, स्टीमरूट ह्या व्हेरिएबलमधल्या डिरेक्टरीच्या आतलं सगळं उडवा, आणि त्याच्या वर लिहिणाऱ्यानेच 'भीतीदायक' अशा अर्थाची कमेंट टाकलेली. स्टीमरूट काढताना 'सीडी' (डिरेक्टरीत जायची कमांड) फेल झालं की व्हेरिएबल रिकामं राहायचं, मग उरायचं फक्त स्लॅश आणि स्टार, म्हणजे डिस्कच्या मुळापासून सगळं. युजरच्या मालकीचं जे जे होतं ते सगळं गेलं, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरचं पण.

इथे नीट बघा, नेहमीचे दोन उपाय इथे चाललेच नसते. कोट्स त्या ओळीत दिलेले होते. सेट -यू ने पण थांबलं नसतं, कारण ते कधीच सेट न झालेलं व्हेरिएबल पकडतं, आणि हे सेट झालेलं होतं, फक्त रिकामं होतं. आरएम मध्ये रूट, म्हणजे सगळ्यात वरची '/' डिरेक्टरी, वाचवायची सोय जीएनयूने २००६ मध्येच बाय डिफॉल्ट चालू केली होती, तीही कामाची नाही, कारण स्टार शेल आधीच उघडतो, आरएम ला 'रूट' दिसतच नाही, त्याला '/बिन', '/होम' अशी सुटी नावं मिळतात. वाचवलं असतं ते व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसात कोलन आणि प्रश्नचिन्ह लावण्याने, त्याने रिकामं असलं तरी स्क्रिप्ट तिथेच थांबते. मी आता आरएम च्या प्रत्येक ओळीत हे लावतोच, कितीही फालतू स्क्रिप्ट असो.

सेट -ई बद्दल पण हेच, त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. 'इफ' च्या अटीत किंवा 'अँड-अँड' (डावी कमांड पास झाली तरच उजवी चालवायची खूण) च्या डाव्या बाजूला असलेली कमांड फेल झाली तर ते थांबत नाही, ते बरोबरच आहे कारण तिथे आपण मुद्दाम तपासत असतो. पण तुम्ही एक फंक्शन लिहिलं आणि ते 'इफ' मध्ये बोलावलं, तर त्या फंक्शनच्या आतल्या सगळ्या ओळींसाठी सेट -ई झोपून जातं. बॅशमध्ये फंक्शनच्या आत 'लोकल' लिहून त्याच ओळीत कमांडचं उत्तर भरलं तर कमांड फेल झाल्याचं कळतच नाही, कारण 'लोकल' स्वतः पास होतं. म्हणून दोन वेगळ्या ओळी कराव्या लागतात. तरी मी सेट -ई लावतोच, सीटबेल्ट म्हणून, पण ब्रेक म्हणून नाही, महत्त्वाच्या ओळीला 'किंवा एरर देऊन बाहेर पड' असं हाताने लिहितो.

क्रॉनची कथा वेगळी पण मूळ तेच. आपण टर्मिनलवर स्क्रिप्ट चालवतो, मस्त चालते, क्रॉनमध्ये टाकली की 'कमांड सापडली नाही'. कारण लॉगिन केल्यावर आपल्या आरसी फाइलींनी जो पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या डिरेक्टरींची यादी) बांधलेला असतो तो क्रॉनकडे नसतो, त्याच्याकडे बहुतेक ठिकाणी '/यूएसआर/बिन' आणि '/बिन' एवढंच. आणि ते टक्क्याचं चिन्ह! क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या यादीच्या फाइलीत, तारखेसाठी टक्का लिहिला की ओळ अर्धीच चालते, माझे एकदा दोन तास गेलेत त्यात. सातव्या आवृत्तीपासून क्रॉनमध्ये टक्का म्हणजे नवी ओळ, पहिल्या टक्क्यापर्यंतची कमांड आणि पुढचं सगळं त्या कमांडला इनपुट म्हणून द्यायचं. म्हणजे तिथेही कीबोर्डवर टाइप करणाऱ्या माणसाची जागा भरायचीच सोय केलेली. टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्या, किंवा सरळ सगळं स्क्रिप्टमध्ये टाका आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त पूर्ण पाथ ठेवा.

पुढचं थोडक्यात. १९८३ मध्ये डेव्हिड कॉर्नने कॉर्न शेल मांडला, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्सचा बॅश आला. पाइपफेल कॉर्न शेलच्या १९९३ च्या आवृत्तीच्या वंशातलं, बॅशने ते ३.० मध्ये म्हणजे २००४ ला घेतलं. ऑक्टोबर २००६ मध्ये उबुंटूने (लिनक्सचा एक प्रकार) '/बिन/एसएच' बॅशवरून डॅश ह्या छोट्या शेलवर नेला कारण बूट लवकर व्हायचं, आणि ज्यांनी पहिल्या ओळीत एसएच लिहून आत बॅशचे प्रकार वापरले होते त्यांच्या स्क्रिप्ट धडाधड पडल्या. म्हणून पहिली ओळ खरं बोलणारी हवी, बॅशचं वापरताय तर बॅशच लिहा. २०१२ च्या आसपास शेलचेक आलं, ते स्क्रिप्ट वाचून सुटलेले कोट्स वगैरे दाखवतं, कुठलीही स्क्रिप्ट लावायच्या आधी त्यातून काढा, दोन मिनिटं लागतात. पोझिक्स ह्या युनिक्सच्या अधिकृत स्टँडर्डमध्ये पाइपफेल यायला मात्र २०२४ साल उजाडावं लागलं.

आणि हे सगळं करूनही बॅकअपच्या बाबतीत पुरत नाही, हे गिटलॅबने (कोड ठेवायची वेबसाइट) ३१ जानेवारी २०१७ ला दाखवलं. रात्री उशिरा काम करताना एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर आरएम -आरएफ चालवलं, थांबवेपर्यंत साधारण ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले. मग रोजचा डंप शोधला तर तो नव्हताच, पोस्टग्रेस हा डेटाबेस ९.६ होता आणि डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा, तो रोज एरर देऊन बंद पडत होता. म्हणजे तिथे फेल झालेलं कळलं होतं, क्रॉन मेलही पाठवत होता, पण त्या मेलसाठी डीमार्क (मेल खऱ्या पत्त्यावरूनच आलाय हे तपासायची सोय) चालू नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते परत लावत होता. योगायोगाने सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची नक्कल) होता म्हणून त्या सहा तासांचाच डेटा गेला. आणि गिटलॅबने हे सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं, ह्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

माझ्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आता डंप आधी तात्पुरत्या नावाने लिहिला जातो, ते नाव एमकेटेम्प ही कमांड देते, स्क्रिप्ट मधेच मेली तर ट्रॅप ती फाइल उडवतो, साइज कालच्या निम्म्याहून कमी असेल तर एरर, सगळं ठीक असेल तरच शेवटी खरं नाव दिलं जातं. दर रविवारी दुसरी स्क्रिप्ट तो बॅकअप रिकाम्या डेटाबेसमध्ये उघडते आणि तीन टेबलांच्या ओळी मोजून मला मेल करते. सगळं बरोबर असलं तरी करते, आणि सोमवारी सकाळी तो मेल दिसला नाही की मी आधी ते बघायला घेतो, मग चहा.