नंबर टाकला की नाव येतं

भाजीवाल्याकडे सुट्टे नसतात आणि स्कॅनर नेमका पाटीखाली दबलेला असतो. मग तो म्हणतो, "ताई, नंबरच टाका ना." नंबर टाकला की त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं पडद्यावर उमटतं. पैसे पोचले की माझंही त्याच्या मोबाइलवर तसंच. आपल्याकडे बँकेत मधलं नाव बहुधा लावलेलंच असतं, त्यामुळे बाईच्या बाबतीत नवऱ्याचं नावही कळतं, आणि आडनावावरून लोक काय काय ताडतात ते वेगळं सांगायला नको. वीस रुपयांच्या कोथिंबिरीसाठी एवढी ओळख पूर्वी कुणी मागत नव्हतं.

गंमत अशी, की यूपीआयचा पत्ता निघाला तो ओळख झाकायलाच.

२००८ साली रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकारानं मुंबईत एनपीसीआय ही देशातल्या पेमेंट यंत्रणा चालवणारी संस्था उभी राहिली. नोव्हेंबर २०१० मध्ये तिनं आयएमपीएस ही लगेच पैसे पाठवायची सोय आणली. पैसे रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही जाऊ लागले. पण त्यासाठी समोरच्याचा खाते क्रमांक आणि आयएफएससी हवा, नाहीतर मोबाइल नंबरासोबत बँकेनं दिलेला सात आकडी कोड, एमएमआयडी. तो एमएमआयडी कुणाच्या लक्षात राहायचा? मग खाते क्रमांकच चिठ्ठ्यांवर, मेसेजमधून, रद्द केलेल्या चेकच्या फोटोतून फिरायचे. ११ एप्रिल २०१६ रोजी रघुराम राजन यांनी मुंबईत यूपीआय सुरू केलं, तेव्हा त्यातली खरी नवी गोष्ट होती व्हीपीए, म्हणजे आपण आज ज्याला यूपीआय आयडी म्हणतो ती. एखादं टोपणनाव, पुढे @ आणि एक शेपूट. पैसे देणाऱ्याला तेवढंच दिसणार, खाते क्रमांक बँकेपाशीच राहणार.

सात महिन्यांत नोटाबंदी आली आणि ३० डिसेंबरला एनपीसीआयचं यूपीआय अ‍ॅप, भीम. घाईनं लाखो लोक अ‍ॅपवर आले. टोपणनाव शोधत बसायला वेळ कुणाला होता! मोबाइल नंबर फोनवरून गेलेल्या एसएमएसनं तपासलेला हाताशी होताच, तोच पुढे @ लावून पत्ता झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये गुगलचं 'तेज' आलं, त्यात जीमेलच्या पत्त्याचा पुढचा भाग यूपीआय आयडीत उतरला. मुखवटा दिला खरा, पण त्यावर नंबर छापून. आणि आपला नंबर म्हणजे बँक, आधार, गॅस, व्हॉट्सअ‍ॅप सगळ्याची एकच किल्ली.

त्या 'तेज'मध्ये एक सोय होती. दोन फोन जवळ धरायचे, न ऐकू येणाऱ्या आवाजावर व्यवहार व्हायचा, नंबर द्यावा लागत नसे. ती रुजली नाही. रुजला तो साउंडबॉक्स, जो आपण किती दिले ते अख्ख्या रांगेला ओरडून सांगतो.

१ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेणं बंद झालं. ग्राहकाला आणि दुकानदाराला ते बरंच, पण अ‍ॅपवाल्यांची कमाई मग कर्ज, विमा, रिचार्ज यांवर आली, आणि तिथे गिऱ्हाईक कुठे किती खर्च करतं हे कळण्याला मोल असतं. माझ्या मते गोपनीयतेचा पेच नंबरापेक्षा इथे जास्त आहे, फक्त तो पडद्यावर दिसत नाही. त्याच वर्षी खासदार बिनॉय विश्वम यूपीआयच्या डेटाचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले.

कायदा मागून चालत आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं पेमेंटचा डेटा भारतातच साठवायला सांगितलं, सहा महिन्यांच्या आत. डेटा संरक्षणाचा कायदा मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले.

दरम्यान फसवणूक वाढली होती. 'पैसे मिळवायला पिन टाका' म्हणत येणाऱ्या कलेक्ट रिक्वेस्टनं, म्हणजे समोरच्याकडून पैसे मागायच्या सोयीनं, कित्येकांना बुडवलं. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. त्याआधी, ३० जूनपर्यंत, सगळ्या अ‍ॅपना सांगितलं गेलं की पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवा, कुणी स्वतः लिहिलेलं नको. भामट्यानं 'वीज मंडळ' असं नाव लावून बसू नये, हे पटतंच. पण तेच नाव, ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे अशा कुणालाही, एक रुपयासुद्धा न पाठवता दिसतं. रिक्षावाल्याला, कुरिअरवाल्याला, लग्नाच्या साइटवरून नंबर मिळालेल्या अनोळखी माणसालाही.

मी प्रोफाइलमध्ये जाऊन नंबर नसलेला नवा आयडी करून घेतला, 'यूपीआय नंबर'ची, म्हणजे मोबाइल नंबरावर पैसे घ्यायची, जोडणीही काढली. चहा-भाजीसाठी यूपीआय लाइट हे छोट्या रकमांचं अ‍ॅपमधलं पाकीट घेतलं, त्यातला एकेक खर्च पासबुकात उमटत नाही. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याच्या मोबाइलवर माझा नंबर आला नाही. नाव आलं, मधल्या नावासकट.